२०७१ चे सोलापूर आणि म्हातारा यंत्रदेही फौजी : एका काळोख्या भविष्यकथेविषयी चर्चा

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

एका कादंबरीचा पहिला खर्डा नुकताच हातावेगळा झाला आहे. ती भविष्यकाळातली रहस्यकथा आहे आणि बरीच काळोखी आहे. खर्डा संपल्यावर जे प्रश्न शिल्लक राहिले ते एकट्याने सुटण्यासारखे नाहीत, म्हणून ते येथील जाणकारांपुढे मांडतो आहे.

कथा २०७१ सालच्या सोलापुरात घडते. नायक अडुसष्ट वर्षांचा निवृत्त हवालदार असून पूर्व भागातल्या एका बंद यंत्रमाग कारखान्याच्या माडीवर भाड्याने राहतो. गल्लीत त्याला सगळे फौजीमामा म्हणतात. त्याचा उजवा हात खांद्यापासून आणि डावा पाय मांडीपासून कृत्रिम आहे, डावा डोळाही कृत्रिम आहे, आणि हे सारे चालवणारे नियंत्रक यंत्र त्याच्या मणक्याजवळ बसवलेले आहे. हिमनदीवरच्या चकमकीत जखमी झाल्यावर वयाच्या तिसाव्या वर्षी त्याला हे शरीर मिळाले, आणि तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची छायाचित्रे पहिल्या पानावर छापली होती. पुढे ते अवयव बनवणारी कंपनी दिवाळ्यात निघाली, तिचे आराखडे कोणीतरी विकत घेऊन कुलूपबंद केले, आणि त्या बनावटीचे सुटे भाग मिळेनासे झाले. कादंबरी सुरू होते तेव्हा त्याच्याच पलटणीतल्या, त्याच बनावटीचे अवयव असलेल्या एका सोबत्याचे प्रेत होटगी रस्त्याच्या कडेला सापडते. प्रेताचा गुडघा कोणीतरी काढून नेलेला असतो. सोबत्याची विधवा पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवून थकते आणि शेवटी फौजीमामाच्या दारात येऊन उभी राहते.

या जातीच्या कथांमध्ये यंत्रदेही सैनिकाची ताकद, त्याचा वेग आणि अंधारात पाहणारा डोळा यांचेच वर्णन पानोपानी असते. मला त्याच्या देखभालीविषयी लिहायचे आहे. ज्याचे निम्मे शरीर दुसऱ्याच्या मालकीच्या ज्ञानावर चालते, तो माणूस म्हातारा झाला की त्याचे काय होते, त्याची बॅटरी कोण बदलून देतो, त्याचा बिघाड कोणाला कळतो आणि त्याचे पैसे कोण भरतो, या प्रश्नांतच या कथेचा खरा काळोख आहे, असे मला मनापासून वाटते.

हे सर्वस्वी कल्पनेतले नाही. अंधांना काही प्रमाणात उजेड आणि आकार दाखवणारे आर्गस दोन नावाचे यंत्र अमेरिकेतल्या सेकंड साइट या कंपनीने बनवले होते. डोळ्याच्या पडद्यावर साठ विद्युताग्रे (इलेक्ट्रोड) बसवायची आणि चष्म्यावरच्या कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य त्यांच्यापर्यंत पोचवायचे, अशी त्याची योजना होती. २०१३ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि जगभरातल्या साडेतीनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांत ते बसले. काही वर्षांतच कंपनीने ते बनवणे थांबवले, ती आर्थिक अडचणीत आली, आणि ज्यांच्या डोळ्यांत ते यंत्र होते ते लोक दुरुस्तीविना राहिले. यंत्र डोक्यात तसेच, दिसणे मात्र बंद. माझी कादंबरी या एका वस्तुस्थितीतून उगवली आहे.

सोलापूरच का, असा प्रश्न काही मित्रांनी विचारला. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, नंतरच्या लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आणि त्यांच्या भोंग्यावर उठणारे, जेवणारे, झोपणारे शहर डोळ्यांसमोर आणा. जुनी मिल एके काळी आशियातल्या मोठ्या गिरण्यांमध्ये गणली जात असे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि ज्यांच्या हातांनी त्या चालल्या ते हात रिकामे झाले. वापरून झालेल्या माणसाकडे व्यवस्था कशी पाहते, हे या शहराला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. माझा नायक दुसऱ्या कोणत्याही शहरात परका वाटला असता.

आता प्रश्न. पहिला असा, की या साहित्यप्रकाराला पाऊस, धुके आणि ओले रस्ते यांची सवय आहे आणि सोलापूर पर्जन्यछायेत आहे. उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढणाऱ्या गावात तसले वातावरण उभे राहील का? दुसरा, वैद्यकीय आणि लष्करी तपशिलांत काय खटकते? तिसरा प्रश्न रचनेचा आहे. फौजीमामाचा स्वतःचा गुडघा काही वर्षांपूर्वी बदललेला आहे आणि तो भागही एका मेलेल्या सोबत्याच्या शरीरातून काढलेला होता, हे त्याला ठाऊक नाही. सध्याच्या खर्ड्यात हे शेवटच्या प्रकरणात उघड होते. ते तेथेच असावे का?

प्रतिसाद : कृत्रिम अवयव तंत्रज्ञ

विषय माझ्या रोजच्या कामाचा असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी मोठा भाग घामाचा असतो. उरलेल्या अवयवावर जे सॉकेट चढवतात त्यात घाम साठतो, कातडी मऊ पडते, घासते, सोलवटते, आणि मग काही दिवस पाय काढून ठेवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. स्नायूंच्या विद्युतसंकेतांवर चालणारे हात असतील तर कातडीवरच्या संवेदकांना घामामुळे चुकीचे संकेत मिळतात आणि मूठ नको तेव्हा उघडते किंवा मिटते. तुमच्या फौजीमामाच्या हातून दुपारी दोन वाजता चहाचा ग्लास फुटला, तर त्यासाठी वेगळे कारण शोधण्याची गरज नाही.

आपण मात्र पुढच्या काळातले लिहीत आहात, त्यामुळे त्याचे अवयव थेट हाडात बसवलेले असावेत असे मी धरून चालतो. ही पद्धत आजही आहे. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या ब्रेनमार्क यांच्या लक्षात १९५२ साली आले आणि १९९० मध्ये मांडीच्या हाडात तसा पहिला कृत्रिम पाय बसवला गेला. यात सॉकेट नसते, पण धातूचा दांडा कातडीतून बाहेर येतो आणि ती जागा कधीच पूर्ण बुजत नाही. ती रोज स्वच्छ पाण्याने धुवावी लागते, नाही तर जंतुसंसर्ग होऊन तो हाडापर्यंत जाऊ शकतो. ज्या शहरात उजनी धरणाचे पाणी नळाला काही दिवसांआड येते, तेथे अशा माणसाला पाण्याची कळशी जपून ठेवावी लागेल आणि ती कळशी त्याच्या आयुष्यातली महत्त्वाची वस्तू होईल. आपल्या खर्ड्यात पाण्याचा हा पैलू आहे की नाही ते माहीत नाही. नसेल तर अवश्य आणा.

दुसरी गोष्ट बॅटरीची. आजच्या लिथियम बॅटऱ्या साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असा दंडक आहे. हिमनदीवरच्या थंडीत यंत्र गोठू नये म्हणून त्याच्या अवयवांना आतून जाड उष्णतारोधक अस्तर असणार. तेच अस्तर सोलापूरच्या मे महिन्यात आतली उष्णता कोंडून धरेल. म्हणजे जे शरीर थंडीसाठी घडवले गेले ते उन्हात जगते आहे आणि दिवसा चार्ज होऊच शकत नाही. अशा माणसाला रात्रीच बाहेर पडावे लागेल, आणि आपल्या वातावरणाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला यातच दिसते.

तिसरी गोष्ट बसण्याची. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी विकसित केले. त्याआधीचे परदेशी पाय बुटात घालून सपाट रस्त्यावर चालण्यासाठी चांगले होते, पण आपल्या माणसाला उकिडवे बसावे लागते, मांडी घालावी लागते, अनवाणी शेतात जावे लागते. रबराच्या त्या पायाने ते साधले. आपल्या नायकाचा गुडघा युद्धासाठी आखलेला असेल तर तो धावू शकेल, उडी मारू शकेल, परंतु त्याला मांडी घालता येणार नाही. सोबत्याच्या घरी दहाव्याला सगळे सतरंजीवर बसलेले आहेत आणि हा एकटा भिंतीला टेकून उभा आहे, हे वाचकाला दाखवा. विधवेने आतून खुर्ची आणून द्यावी आणि त्याने ती नाकारावी.

शेवटची गोष्ट आभासी अवयवाची. कापलेला हात मेंदूच्या दृष्टीने तेथेच असतो आणि पुष्कळांना त्याची मूठ घट्ट आवळल्याची, नखे तळव्यात रुतल्याची वेदना होते. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात साध्या आरशाचा उपाय सुचवला. शाबूत हात आरशासमोर धरायचा, आरशातल्या प्रतिमेकडे गेलेला हात म्हणून पाहायचे आणि शाबूत हाताची मूठ हळूहळू उघडायची; काहींची वेदना त्याने उतरते. आपल्या नायकाचा यंत्राचा हात बॅटरी संपून निश्चेष्ट झाला की जुना, मांसाचा हात जागा होईल. त्याने रात्री गल्लीतल्या केशकर्तनालयाचे शटर वाजवावे, मालकाने काही न विचारता दिवा लावावा, आणि याने आरशासमोर डावा हात धरून बसावे.

प्रतिसाद : निवृत्त सुभेदार, बार्शी

जय हिंद. धागाकर्त्यांनी नायकाला अधिकारी न करता हवालदार केले, याचे समाधान वाटले. जवान तरुणपणीच निवृत्त होतो आणि त्यापुढचे अर्धे आयुष्य त्याला नागरी जीवनात काढायचे असते, हे कथाकादंबऱ्या लिहिणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

आपल्या कथेत मेडिकल बोर्डाचा प्रसंग असायलाच हवा. अपंगत्वाची टक्केवारी बोर्ड ठरवते आणि निवृत्तिवेतनातला अपंगत्वाचा भाग तिच्यावर अवलंबून असतो. सेवेसाठी अयोग्य ठरवून घरी पाठवलेल्या सैनिकांच्या बाबतीत १९९६ पासून अशी सवलत आहे की ५० टक्क्यांखालचे अपंगत्व ५० धरायचे, ५० ते ७५ मधले ७५ धरायचे आणि त्यावरचे १०० धरायचे. आता आपल्या काळात बोर्डासमोर हा हवालदार उभा राहिला आणि बोर्डाने लिहिले की नवा हात जुन्यापेक्षा चौपट वजन उचलतो, सबब अपंगत्व शून्य टक्के, तर? पुढे तोच हात बंद पडला तर बोर्ड म्हणेल की हा कंपनीचा विषय आहे, आणि कंपनी तर उरलेलीच नाही. मला हा प्रसंग खुनापेक्षाही भयंकर वाटतो, कारण यात कोणी वाईट माणूस नाही, फक्त फॉर्म आहे.

दुसरे, हयातीचा दाखला. प्रत्येक निवृत्त माणसाला वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी नोव्हेंबरात आम्हा सर्वांची लगबग असते. २०१४ साली जीवन प्रमाण ही डिजिटल सोय आली. अंगठ्याचा ठसा किंवा डोळ्याची बुबुळे यांवरून ओळख पटते. ज्याचा अंगठा धातूचा आहे आणि एक डोळा काचेचा आहे तो जिवंत आहे हे यंत्राला कसे कळणार? आमच्यातल्या शेतीकाम करणाऱ्या म्हाताऱ्यांचे अंगठे झिजल्यामुळे ठसा उमटत नाही आणि ते यंत्रापुढे अंगठा पुसत पुसत उभे राहतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, हेही येथे नमूद करतो. त्यामुळे नायकाचा चेहराही थोडा बदललेला दाखवावा लागेल, अन्यथा जाणता वाचक आक्षेप घेईल.

पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्राचाही उल्लेख यावा. ते १९४४ पासून चालू आहे. आमच्या पिढीतल्या जखमी जवानांना तेथेच पुन्हा उभे करण्यात आले आणि तेथल्या तंत्रज्ञांविषयी आमच्या मनात फार आदर आहे. आपल्या कथेत सरकारी केंद्राच्या जागी खासगी कंपनी का आली, हे कोठेतरी चार ओळींत सांगा.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसाद वाचून मन भरून आले. तंत्रज्ञसाहेब, उष्णतारोधक अस्तराचा मुद्दा माझ्या खर्ड्यात नव्हता आणि तो आता कथेच्या मुळाशी जाईल. सुभेदारसाहेब, ‘अपंगत्व शून्य टक्के’ हे दुसऱ्या प्रकरणाचे नाव ठेवण्याची परवानगी असावी. हिमनदीवरच्या चकमकीत नायकाच्या चेहऱ्याची डावी बाजूही भाजली होती असे केले तर चेहऱ्याचा प्रश्नही मिटेल. जो स्वतः कागदोपत्री मेलेला आहे तोच दुसऱ्याच्या मृत्यूचा तपास करतो आहे, हे सूत्र मला फार मोलाचे वाटते.

प्रतिसाद : पूर्व भागातली वाचक

दादा, माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे कारागीर, होते, म्हणून राहवले नाही.

आपण बंद कारखान्याची माडी लिहिली आहे, पण खाली काय शिल्लक आहे ते लिहिले आहे का? माग भंगारात गेले तरी फरशीवर त्यांच्या पायांच्या खुणा राहतात, तेलाने काळे झालेले चौकोन दिसतात, भिंतीच्या फटीत सुताचा कोंडा अडकून राहतो. धोटा धडधडत असतानाचा आवाज ज्यांनी आयुष्यभर ऐकला त्यांना शांततेत झोप येत नाही. माझ्या वडिलांना माग बंद झाल्यानंतर बरेच दिवस रात्री जाग यायची आणि ते उठून बसायचे. आपल्या फौजीमामालाही आपल्या शरीराचा आवाज येत असणार. त्याचा गुडघा कुरकुरत असेल, खांद्यातली मोटर गुणगुणत असेल. माग चालू असते तर तो आवाज कोणाला कळलाही नसता.

मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा दुरुस्तीचा आहे. कंपनीने आराखडे कुलपात ठेवले म्हणून सोलापुरात काही अडून राहील असे मला वाटत नाही. आमच्या भागात एका जुन्या मागाचा दात असलेला गिअर काढून दुसऱ्याला बसवणे, मिळत नसेल तर लेथवर तसाच कापून घेणे, जकार्डच्या, म्हणजे कापडावरची नक्षी ठरवणाऱ्या यंत्राच्या, पत्त्या हाताने दुरुस्त करणे, हे रोजचे काम होते. वडील मागाच्या लाकडी चौकटीवर हात ठेवून डोळे मिटायचे आणि कोणता भाग ढिला झाला ते सांगायचे. फौजीमामाचा गुडघा दुरुस्त करणारा माणूस डॉक्टर नसावा. तो अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतला म्हातारा फिटर असावा. त्याला तेलुगू मातृभाषा असावी, बोलणे मराठीत असावे आणि चिडला की तेलुगूत पुटपुटावे. त्याने फौजीमामाला ‘काय मामा, पुन्हा उन्हात गेला होता ना?’ असे दरडावावे. मला अशी माणसे माहीत आहेत.

आणखी एक. आपल्या सारांशात बायका म्हणजे एक विधवा, एवढेच दिसते. आमच्या भागातल्या हजारो बायका विड्या वळून घर चालवत आल्या आहेत. कुंभारीला विडी कामगारांच्या घरांची मोठी वसाहत आंदोलने करून उभी राहिली. त्या विधवेला रडत बसवू नका. कोणाच्या घरी कोण येते जाते याची जेवढी माहिती विडीची पाने कातरत उंबऱ्यावर बसलेल्या बाईला असते, तेवढी कोणत्याही गुप्तहेराला नसते. तपासाचा निम्मा भाग तिचा असावा.

प्रतिसाद : रहस्यकथांचा जुना वाचक

वातावरणाच्या प्रश्नावर बोलतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, फ्रेंच समीक्षक नीनो फ्रँक यांनी काही अमेरिकी गुन्हेपटांना नॉयर, म्हणजे काळे, म्हटले आणि ते नाव रूढ झाले. त्या चित्रपटांत पाऊस आणि रात्र दिसते म्हणून आपण तीच त्यांची खूण समजतो. मला वाटते की त्या प्रकाराचा प्राण नायकाच्या स्थितीत आहे. तो गुन्ह्याच्या बाहेर उभा नसतो. जसजसा तो खोल जातो तसतसे त्याचे स्वतःचे हात माखलेले निघतात. हे उन्हातही घडू शकते. सोलापूरची मे महिन्यातली दुपार आठवा: रस्ते निर्मनुष्य, दुकानांची शटरे अर्धी ओढलेली, पांढरा प्रकाश इतका प्रखर की समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. लपण्यासाठी त्याहून चांगली वेळ नाही. शिवाय नायक दिवसा दुबळा असेल, तर खुनी दुपारी काम करणार, हे उघड आहे. म्हणून सगळे खून दुपारचे करा.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाविषयी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. गुडघ्याचे रहस्य शेवटी उघड करणे मला पटत नाही. शेवटी उघड केले तर वाचक क्षणभर चकित होतो आणि पुस्तक मिटतो. तेच मध्यावर उघड केले, तर पुढची दीडशे पाने फौजीमामाला त्या गुडघ्यावर चालावे लागते. प्रत्येक जिना, प्रत्येक पाठलाग, विधवेच्या दारापर्यंतचे प्रत्येक पाऊल मेलेल्या सोबत्याच्या पायाने टाकावे लागते. त्याला तो काढून टाकता येत नाही, कारण काढला तर तपास थांबतो. आपण इतकी चांगली कल्पना शेवटच्या पानावर का संपवता, हे मला समजत नाही.

प्रतिसाद : हृदयरोग विभागातील परिचारिका

चर्चा फार गंभीरपणे चालली आहे, म्हणून एक वेगळी बाजू मांडते.

मृताच्या शरीरातले यंत्र जिवंत माणसाला बसवणे म्हणजे पापच, असे गृहीत धरून कथा रचली जात आहे. प्रत्यक्षात तसे नाही. मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात, अमेरिकेत मरण पावलेल्या रुग्णांचे दान केलेले पेसमेकर निर्जंतुक करून ५३ गरीब रुग्णांना बसवण्यात आले आणि त्याचा अभ्यास २०११ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्णांना त्याचा लाभ झाला, संसर्ग झाल्याचे आढळले नाही. यंत्राचे आणि माणसाचे आयुष्य एकमेकांशी जुळतेच असे नाही. १९५८ साली स्टॉकहोममध्ये जगातला पहिला अंतःस्थ पेसमेकर ज्यांना बसवला त्या आर्ने लार्सन यांचे पहिले यंत्र काही तासच टिकले. पुढे ते २००१ पर्यंत जगले आणि त्यांच्या शरीरात एकूण २६ पेसमेकर येऊन गेले. उलट कित्येक रुग्ण नवे यंत्र बसवल्यानंतर लवकर जातात आणि चालू स्थितीतले यंत्र वाया जाते.

दहनापूर्वी पेसमेकर काढावा लागतो, कारण तो उष्णतेने फुटतो. त्यामुळे मृत्यूनंतर नातेवाइकांना आम्हाला तो नाजूक प्रश्न विचारावा लागतो, आणि विचारताना शब्द फार जपावे लागतात. आपल्या कथेत अवयव काढण्याची सुरुवात येथूनच होऊ शकते. स्मशानभूमीत दहनाआधी अवयव काढणे सुरक्षेसाठी सक्तीचे असेल, आणि काढलेल्या अवयवांचे पुढे काय होते हे शोकात बुडालेले घर विचारणार नाही. आपल्या शहरात लिंगायत समाजात आणि मुस्लिम समाजात दफन होते, म्हणजे तेथे अवयव मातीत जातील. एका कथेत या दोन वाटांमुळे तपासाचे दोन वेगळे धागे निघतात.

म्हणून माझी सूचना अशी, की आपला खलनायक चोर म्हणून सुरू होऊ नये. त्याने आरंभी रीतसर संमती घेऊन, नातेवाइकांच्या सह्यांची नोंदवही ठेवून, गरीब माजी सैनिकांना भाग मिळवून दिलेले असावेत. मग मरणाऱ्यांपेक्षा मागणारे वाढले. नोंदवहीत एका तारखेनंतर सह्यांचा रकाना रिकामा दिसू लागतो. फौजीमामाचा गुडघा त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, हा प्रश्न मला खुनी कोण यापेक्षा अधिक हादरवणारा वाटतो.

प्रतिसाद : वकील

थोडक्यात लिहितो. आराखडे कुलपात ठेवण्याला कायद्याने उत्तर देता येते, हेही कथेत दिसावे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२२ साली विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्च्यांसाठी कायदा करून उत्पादकांना सुटे भाग, हत्यारे आणि दुरुस्तीची माहिती वापरणाऱ्यांना व स्वतंत्र कारागिरांना देणे बंधनकारक केले. तो कायदा अपंगांनी स्वतः रेटून धरल्यामुळे झाला. आपल्या २०७१ मध्ये असा कायदा का झाला नाही, की झाला आणि कोणी वापरलाच नाही? यातला कोणताही पर्याय निवडा, पण निवडा. अन्यथा कंपनी म्हणजे नुसते अदृश्य भूत होऊन बसेल.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके देणे एका धाग्यावर मिळेल असे वाटले नव्हते.

गुडघ्याचे रहस्य मध्यावर आणायचे, हे ठरले. ताईंनी सांगितलेला फिटरच ते उघड करील. उन्हाने अडकलेला गुडघा तो उघडतो, आतली पट्टी रॉकेलच्या चिंधीने पुसतो, आणि अनुक्रमांक कानशीने घासून काढल्याचे त्याच्या लक्षात येते. शेवटचे दोन आकडे मात्र नीट घासले गेलेले नाहीत. फिटर ते वाचून दाखवतो. फौजीमामाला पलटणीतल्या प्रत्येकाचा क्रमांक पाठ आहे. फिटरला काहीच ठाऊक नसल्यामुळे तो पुढचा स्क्रू आवळत राहतो आणि मजुरी किती झाली ते सांगतो.

परिचारिकाताई, नोंदवहीची कल्पना मी घेतो आहे आणि तिने खलनायकाचे सगळे चित्रच बदलले आहे. गुडघा त्या तारखेच्या नंतरचाच असेल. आधीचा ठेवला तर नायक फार स्वस्तात सुटेल. त्या पानावर सहीच्या रिकाम्या रकान्याशेजारी ‘घेणाऱ्याची सही’ असाही रकाना असेल आणि त्यात फौजीमामाची स्वतःची सही असेल. त्याने त्या दिवशी वरच्या ओळी वाचल्या नव्हत्या, कारण पाय पुन्हा चालणार या आनंदात तो होता. विधवेला ते पान तो दाखवतो की नाही, हे अजून माझ्यासमोर स्पष्ट नाही. विड्या वळणाऱ्या तिच्या शेजारणींपैकी कोणी तरी ते आधीच ओळखलेले असेल, एवढे मात्र नक्की वाटते, त्यामुळे लपवण्याचा मार्ग बहुधा त्याला उरणार नाही.

वकीलसाहेब, कायदा झालेला असेल. त्यासाठी अर्ज करताना अर्जदार हयात असल्याचा दाखला जोडावा लागतो.

सुभेदारसाहेब, आपल्याला एक विचारायचे आहे. यंत्राने ओळख नाकारली तर बँकेच्या शाखेत व्यवस्थापकासमोर प्रत्यक्ष हजर राहून दाखल्यावर सही घेण्याची जी जुनी पद्धत आहे, तेथे आपल्या पाहण्यात माणसाला काय काय विचारले जाते आणि सोबत कोणती कागदपत्रे मागतात, हे शक्य तितक्या बारकाईने लिहावे. चौथे प्रकरण संपूर्ण त्या टेबलासमोरच्या बाकावर घडवण्याचा विचार आहे.